खिंडीतून निघालेली गोष्ट

इसवी सन ७७८ च्या १५ ऑगस्टला फ्रँकांचा राजा शार्ल, म्हणजे पुढचा शार्लमेन बादशहा, याच्या सैन्याची पिछाडी पिरेनीजच्या डोंगरात कापली गेली. सैन्य स्पेनच्या मोहिमेवरून परतत होते. वाट अरुंद, दोन्ही अंगांना दाट रान, त्यामुळे फौजेची रांग लांबच लांब झालेली. बास्क लोक वर दबा धरून बसले होते. त्यांनी सामानसुमान आणि ते राखणारी तुकडी खाली दरीत रेटली, एकूण एक माणूस मारला, लूट उचलली आणि अंधार पडताच ते दिसेनासे झाले. त्यांची हत्यारे हलकी होती आणि डोंगर पायाखालचा होता. फ्रँक मात्र जड चिलखतांनिशी अडचणीच्या जागी सापडले. राजाचा चरित्रकार आइनहार्ट याने सुमारे अर्ध्या शतकानंतर हे सारे मोजक्या वाक्यांत सांगितले आहे. मेलेल्यांपैकी तिघांची नावे तो देतो: राजाच्या मुदपाकाचा प्रमुख एगिहार्ट, राजवाड्याचा अधिकारी आन्सेल्म आणि ब्रिटनीच्या सरहद्दीचा सुभेदार रोलाँ. तारीख आपल्याला ठाऊक आहे तीही एगिहार्टच्या मृत्युलेखामुळे. आणि आइनहार्टच्या चरित्राच्या काही हस्तलिखितांत रोलाँचे नाव नाहीच.

या पुस्तकातल्या साऱ्या कथा त्या तिसऱ्या नावातून उगवल्या आहेत.

आइनहार्टच्या मजकुरातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या घाताचा बदला त्या वेळी घेता आला नाही, कारण शत्रू असा पांगला की त्याला शोधायचे कुठे हेच कळेना, असे तो नोंदवतो. दरबारी चरित्रकाराला असे लिहिणे सोपे नसते. गुन्हेगार हाती लागला नाही, सूड उगवता आला नाही, आणि काय घडले ते सांगायला तुकडीतले कुणी उरले नाही. रोलाँची गोष्ट पुढची हजार वर्षे वाढत गेली ती नेमकी या तीन रिकाम्या जागांमध्ये. दंतकथा म्हणजे इतिहासावर चढलेली पुटे, ती खरवडून काढली की खाली सत्य सापडते, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. मला ती अपुरी वाटते. या कथा एकापुढे एक ठेवून वाचताना दिसते ते असे: आधीच्या सांगणाऱ्याला जिथे गप्प बसावे लागले तिथे पुढचा सांगणारा तोंड उघडतो, आणि तो काय बोलतो यावरून त्याच्या काळाला काय सलत होते ते कळते.

शार्ल स्पेनमध्ये गेला कशाला, हे आधी सांगायला हवे, कारण गोष्टीतून सर्वांत आधी गळले ते हेच. ७७७ मध्ये जर्मनीतल्या पाडरबोर्नला त्याचा दरबार भरला असताना स्पेनमधला एक मुसलमान सरदार, सुलैमान अल्-अरबी, त्याला येऊन भेटला. कोर्दोब्याचा अमीर पहिला अब्द अल्-रहमान त्याला नकोसा झाला होता आणि त्याच्याविरुद्ध त्याला फ्रँकांची मदत हवी होती. शार्ल निघाला तो या बोलावण्यावरून. सारागोसाला पोचल्यावर मात्र शहराचे दरवाजे उघडले नाहीत. तो माघारी फिरला, आणि जाता जाता त्याने पाम्प्लोना या बास्कांच्या शहराचा तट पाडला. पुढे डोंगरात काय झाले ते वर आलेच आहे. म्हणजे मुसलमानांशी केलेली युती फसली आणि दुखावलेल्या बास्कांनी पिछाडी मारली. धर्मयुद्धाचा यात मागमूस नाही.

राजाच्या हयातीतल्या अधिकृत वृत्तांतात त्या साली पराभव झाल्याचे लिहिलेलेच नाही. राजा स्पेनला गेला, पाम्प्लोना पाडले, परत आला, एवढेच. वृत्तांत नंतर नव्याने लिहिला गेला तेव्हा कुठे हल्ल्याची हकिकत त्यात शिरली, आणि या जखमेने राजाच्या मनातल्या स्पेनच्या यशावर सावट आले असेही नमूद झाले. त्याहून मोठा पुरावा ८४० च्या सुमाराचा. शार्लच्या मुलाचे चरित्र लिहिणाऱ्याने, ज्याला अभ्यासक नुसते ‘खगोलज्ञ’ म्हणून ओळखतात, मेलेल्यांची नावे दिली नाहीत, कारण ती सर्वांना ठाऊक आहेत, असे त्याचे म्हणणे. कागदावर मौन आणि लोकांच्या तोंडी नावे, अशी ही अवस्था. गोष्ट तिथे तोंडी वाढत होती.

ती कशी वाढली याचे दोनतीनच कवडसे मिळतात. अकराव्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या दस्तऐवजांत ऑलिव्हिए आणि रोलाँ अशी नावे असलेले सख्खे भाऊ भेटू लागतात. कुणीतरी आपल्या दोन मुलांना ही नावे जोडीने ठेवत होते. आइनहार्टच्या मजकुरात ऑलिव्हिए कुठेच नाही, पण घराघरांत तो येऊन पोचला होता. त्याच शतकाच्या उत्तरार्धात उत्तर स्पेनमधल्या सान मियान दे ला कोगोया मठातल्या एका हस्तलिखितात कुणीतरी लॅटिनमध्ये छोटेसे टिपण केले. शार्लला बारा भाचे होते, असे ते सांगते, आणि रोलाँ, ऑलिव्हिए, बिशप तुर्पँ यांची नावे घेते. रोलाँला मारणारे त्यात बास्क नाहीत, सारासेन म्हणजे मुसलमान आहेत. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईआधी नॉर्मनांच्या गोटात रोलाँचे गाणे गायले गेले, असे बाराव्या शतकातला माल्म्सबरीचा विल्यम लिहितो. कवी वास तर तायफेर नावाचा गवई घोड्यावर पुढे राहून ते गात होता, असे रंगवतो. लढाई आणि वासचे लेखन यांत शंभर वर्षांचे अंतर आहे, तेव्हा तायफेरचे गाणे हीसुद्धा दंतकथाच म्हणायची. पण लढाईच्या तोंडावर हेच गाणे म्हटले गेले असणार, हे बाराव्या शतकातल्या लोकांना पटण्यासारखे होते.

मग येते ते ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातले हस्तलिखित. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या फ्रेंच बोलीत उतरवून काढलेले, सुमारे ४,००० ओळींचे. शेवटच्या ओळीत त्युरोल्द हे नाव आहे. तो कवी, गायक की नकलकार यावर वाद चालूच आहे. या काव्यात शार्लमेन दोनशे वर्षांचा आहे, पांढऱ्या दाढीचा. स्पेनमध्ये त्याची मोहीम सात वर्षे चालली आहे. रोलाँ त्याचा भाचा. सारागोसाचा राजा मार्सील याच्याकडे वकिलीवर कुणी जायचे असा प्रश्न पडतो, कारण आधीचे वकील जिवंत परतलेले नाहीत. रोलाँ आपल्या सावत्र बापाचे, गानलाँचे नाव सुचवतो. भर दरबारात झालेला हा अपमान गानलाँच्या जिव्हारी लागतो. तो मार्सीलशी संधान बांधतो आणि परत आल्यावर पिछाडीसाठी रोलाँचे नाव सुचवून फेड करतो. वीस हजार माणसे राँसव्होच्या खिंडीत मागे राहतात.

आता आइनहार्टच्या तीन रिकाम्या जागांकडे पाहा. गुन्हेगार हवा होता. काव्याने फितूर दिला, आणि तो घरातलाच दिला. डोंगरातल्या निनावी लुटारूंकडून राजाचा सुभेदार मेला, हे ऐकवत नाही. पण घरभेद्याने घात केला म्हटले की पराभव सोसता येतो, हरणाऱ्याची शान जात नाही. सूड हवा होता. रोलाँ काव्याच्या निम्म्यानंतर थोड्याच वेळात मरतो आणि उरलेल्या सोळाशेच्या आसपास ओळी सूडासाठीच आहेत. शत्रूचा पाठलाग पुरा व्हावा म्हणून देव सूर्याला आकाशात थोपवून धरतो. ज्या अंधाराने खऱ्या हल्लेखोरांना वाचवले तो अंधारच कवीने रोखून धरला आहे. आणि ज्यांना शोधणे अशक्य होते त्या बास्कांच्या जागी ठावठिकाणा असलेला शत्रू आला, त्याची राजधानी आली, तिचा पाडाव झाला.

हे करताना कवीने जे केले त्याची किंमत मोठी होती, आणि ती लपवून ही कथा मराठीत आणणे मला योग्य वाटत नाही. ज्या मुसलमानांनी शार्लला बोलावले होते तेच या काव्यात त्याचे जन्माचे वैरी झाले. त्यांचा धर्मही कवीने मनाने रचला. हे लोक तीन देवांच्या मूर्ती पुजतात, त्यांतला एक महंमद, आणि हरल्यावर त्याच मूर्तींना लाथा घालतात. मूर्तिपूजा निषिद्ध मानणाऱ्या धर्माबद्दल हे लिहिले आहे. ख्रिस्ती त्रिमूर्तीची उलटी सावली शत्रूच्या अंगावर पाडली की काम भागले. १०९५ मध्ये पहिल्या क्रुसेडची हाक दिली गेली होती, आणि ऑक्सफर्डचे हस्तलिखित त्यानंतरचे आहे. ऐकणाऱ्यांतले कितीतरी स्वतः किंवा त्यांचे बाप जेरुसलेमच्या वाटेला लागले असतील. त्यांच्या कानांवर ही कथा पडत होती.

तरीही हे काव्य थोर आहे, आणि ते का थोर आहे हे शिंगाच्या प्रसंगात दिसते. ऑलिव्हिए टेकडीवर चढतो, समोरची फौज पाहतो आणि रोलाँला म्हणतो, शिंग फुंक, राजा ऐकेल, परत फिरेल. रोलाँ नाही म्हणतो: नावाला बट्टा लागेल, कुळाला बोल लागेल. हे मागणे आणि हा नकार लागोपाठ तीन कडव्यांत येतो. क्षण तोच, बोलणेही जवळजवळ तेच, फक्त शेवटचा स्वर बदलतो आणि शब्द थोडे सरकतात. काळ थांबतो आणि नकार ऐकणाऱ्याच्या अंगावर तीनदा येतो. एकच गोष्ट पुन्हा, किंचित वेगळी सांगणे, हे या काव्याच्या आतच मुरलेले आहे.

नंतर साठच माणसे उरतात. आता रोलाँला शिंग फुंकायचे आहे, आणि आता ऑलिव्हिए अडवतो. मी सांगितले तेव्हा फुंकले नाहीस. तुझ्या हट्टापायी ही माणसे मेली. जिवंत परतलो तरी माझी बहीण ओद तुला मिळणार नाही. दोन जिवलग मित्र प्रेतांच्या राशीत उभे राहून भांडतात. आर्चबिशप तुर्पँ मध्ये पडतो आणि म्हणतो, आता फुंकून जीव वाचणार नाहीत, पण राजा येईल, सूड घेईल आणि आपल्याला मूठमाती देईल. रोलाँ हस्तिदंती शिंग इतक्या जोराने फुंकतो की त्याच्या कानशिलांतून रक्त येते. कोसो दूर राजा आवाज ऐकतो, आणि शेजारी घोड्यावर बसलेला गानलाँ म्हणतो, तो सशामागेसुद्धा दिवसभर शिंग फुंकत फिरेल. शेवटी रोलाँ मरतो तो शत्रूच्या वाराने नव्हे, त्या फुंकण्याने. मरताना तो तोंड स्पेनकडे करतो आणि उजव्या हाताचा मोजा देवापुढे धरतो, चाकरीतला माणूस धन्यापुढे धरतो तसा.

मराठी वाचकाला इथे घोडखिंड आठवणारच. साम्य खिंडीपुरते आहे. बाजीप्रभू तोफांच्या आवाजाची वाट पाहत लढले. इथे आवाज रोलाँच्या हाती होता आणि त्याने तो करायला नको तितका उशीर केला. नायकाचा दोष इतक्या उघडपणे मांडणारी वीरगाथा दुर्मीळ आहे. पुढच्या पुष्कळ कथनांत हा दोष बोथट होत गेला, आणि मला ते मोठे नुकसान वाटते.

काही कथनांत भर पडली तिचे मात्र स्वागत करावेसे वाटते. ऑक्सफर्डच्या काव्यात ओदच्या वाट्याला तीसेक ओळी येतात. राजा परततो, ती विचारते रोलाँ कुठे आहे, राजा रडतो आणि त्याच्याऐवजी आपला मुलगा देऊ करतो, ती नाकारते आणि तिथेच कोसळून मरते. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या यमकबद्ध आवृत्त्यांत हाच प्रसंग शेकडो ओळींचा झाला: तिची स्वप्ने, तिचा प्रवास, तिच्यापासून बातमी लपवणारे लोक. काहींना ही लांबण वाटते. पण खिंडीतल्या मृत्यूचा हिशेब घरी कुणाला द्यावा लागतो, हा प्रश्न जुन्या कवीने चटकन उरकला होता, आणि नंतरच्यांना तो उरकू द्यायचा नव्हता.

साक्षीदाराची तिसरी रिकामी जागा भरली ती मठवासीयांनी. सुमारे ११४० मध्ये शार्लमेन आणि रोलाँ यांचा लॅटिन इतिहास तयार झाला, आणि तो खुद्द आर्चबिशप तुर्पँने लिहिला आहे असे त्यातच सांगितले गेले. काव्यात तुर्पँ खिंडीतच मरतो. इथे तो जगला, कारण कुणीतरी पाहिलेले सांगायला हवे. या ग्रंथात संत सान्तियागो शार्लच्या स्वप्नात येतो आणि आपल्या समाधीची वाट मोकळी करायला सांगतो. सान्तियागोची यात्रा तेव्हा भरभराटीला आली होती, आणि ग्रंथ आजही सापडतो तो त्या यात्रेच्या महापोथीचा एक भाग म्हणून. दोनशेहून अधिक हस्तलिखिते उरली आहेत. काव्यापेक्षा या बनावट इतिहासावरच लोकांचा विश्वास अधिक होता. त्यातली रोलाँ आणि राक्षसी देहाचा फेरागुत यांची लढत मला फार आवडते. दोघे लढून दमतात, तह करतात, राक्षस झोपतो तेव्हा रोलाँ त्याच्या डोक्याखाली उशाला दगड ठेवतो. उठल्यावर दोघे धर्मावर वाद घालतात आणि मग पुन्हा लढतात. स्पेनमधल्या एस्तेया गावी नवारच्या राजांच्या वाड्यावर एका खांबाच्या माथ्याशी ही लढत बाराव्या शतकात कोरलेली आहे. यात्रेकरू तिच्यासमोरून जात.

जर्मन धर्मगुरू कोनराड याने सुमारे ११७० मध्ये ही कथा आपल्या भाषेत आणली तेव्हा फ्रान्सचे कौतुक मागे पडले आणि देवासाठी मरण्याची ओढ पुढे आली. शहरांनी तिला आणखी वेगळेच वळण दिले. ब्रेमेनच्या चौकात १४०४ पासून उभा असलेला दगडी रोलाँ कॅथेड्रलकडे तोंड करून उभा आहे. बादशहाचा शिपाई तिथे व्यापाऱ्यांच्या हक्कांचा राखणदार झाला, आणि तोही बिशपसमोर.

स्पेनने मात्र कथाच उलटवली. फ्रेंच गवई आमच्या भूमीवर आमच्या शत्रूचा पराक्रम गातात, हे तिथल्यांना खुपले असणार. तेराव्या शतकातल्या स्पॅनिश इतिहासग्रंथांत बेर्नार्दो देल कार्पियो हा वीर येतो. त्याच्या कथेत राँसव्होला शार्लचा पराभव करणाऱ्यांत तो आहे, आणि पुढच्या कथांत रोलाँला मिठीत चिरडून मारणाराही तोच. बेर्नार्दो इतिहासात कधी होता असे मानायला आधार नाही, पण त्याची गरज खरी होती. आणि ज्यांनी खरोखर तो हल्ला केला त्या बास्कांचे काय? त्यांच्या नावावर कथा आली ती १८३५ मध्ये, गारे द माँग्लाव्ह या फ्रेंच लेखकाने ‘जुने’ म्हणून छापलेल्या एका गीतात. डोंगरावरून शिळा लोटणारे बास्क त्यात आहेत. गीत बनावट निघाले, तरी दीर्घकाळ ते लोकांनी आपलेसे केले. हजार वर्षे गप्प राहिलेल्यांच्या तोंडी कुणीतरी शब्द घालावेत आणि त्यांनाही ते आपले वाटावेत, यातली वेदना मला त्या बनावटीहून मोठी वाटते.

इटलीत रोलाँचा ओर्लांदो झाला आणि प्रेमात पडला. फेर्राराच्या दरबारातल्या बोइआर्दोने त्याला कॅथेची राजकन्या अँजेलिका हिच्या मागे लावले. १४९४ मध्ये फ्रेंच फौजा इटलीत उतरल्या आणि त्याच वर्षी काव्य अर्धे टाकून तो वारला. आरिओस्तोने तिथून धागा उचलला. १५१६ मध्ये चाळीस सर्गांचे आणि १५३२ मध्ये वाढून सेहेचाळीस सर्गांचे झालेले त्याचे काव्य युरोपभर वाचले गेले. झाडांवर अँजेलिका आणि तिचा प्रियकर मेदोरो यांची नावे कोरलेली पाहून ओर्लांदो वेडा होतो, आणि त्याचा साथीदार आस्तोल्फो त्याची बुद्धी आणायला चंद्रावर जातो. पृथ्वीवर हरवलेले सारे तिथे जमते, माणसांची अक्कल बाटल्यांत भरून ठेवलेली असते. शेवटच्या आवृत्तीत आरिओस्तोने बंदुकीचा प्रसंग घातला. ओर्लांदो ते शस्त्र समुद्रात बुडवतो, पुढे ते पुन्हा वर काढले जाते. समोरासमोर तलवारीने लढणाऱ्याचे युग संपले होते, आणि ही कथा सांगणाऱ्यालाच ते पुरते कळले होते.

तरी कथा टिकली, आणि ती टिकवली गरिबांनी. सिसिलीत एकोणिसाव्या शतकात पत्र्याची चिलखते घातलेल्या लाकडी बाहुल्यांचे खेळ रंगू लागले. पालेर्मोतली बाहुली मीटरभर उंचीची, तिचा गुडघा वाकतो, तिला म्यानातून तलवार उपसता येते. कातानियातली बाहुली माणसाच्या छातीला लागेल एवढी, ताठ पायांची आणि फार जड. जुस्तो लो दिको याने १८५८ ते १८६० या काळात फ्रान्सच्या वीरांची सारी कथानके एकत्र गुंफून ग्रंथ छापला, आणि बाहुलीवाले त्याच्या आधारे रोज संध्याकाळी एक भाग असे महिनोन् महिने खेळ करीत. गाडीवान, हमाल, कोळी रोज येऊन बसत. या खेळात शार्लमेन कानाचा हलका आहे आणि प्रेक्षकांचा लाडका आहे तो त्याच्याशी भांडणारा रिनाल्दो. फितूर गानो, म्हणजे गानलाँ, मंचावर आला की शिव्यांचा वर्षाव होई आणि हाताला येईल ते फेकले जाई. एकटा बसून कथा सांगणारे निवेदकही होते. लाकडी तलवार हातात, लढाईत पाय आपटून शब्द तोडायचे, धाप लागल्यासारखे. पालेर्मोत मिम्मो कुतिक्यो यांनी ही रीत आमच्या काळापर्यंत आणली. युनेस्कोने २००१ मध्ये या बाहुल्यांच्या खेळाचा मानवजातीच्या अमूर्त वारशाचा श्रेष्ठ नमुना म्हणून गौरव केला.

पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांतून ही कथा समुद्रापार गेली. आफ्रिकेच्या पश्चिमेला असलेल्या साओ तोमे बेटावर चिलोली नावाचे नाट्य होते. त्याचे मूळ मदेराच्या बाल्ताझार दियास या अंध कवीच्या सोळाव्या शतकातल्या नाटकात आहे. शार्लमेनचा मुलगा एका सरदाराच्या भाच्याला मारतो. सरदार न्याय मागायला येतो, आणि बादशहाला स्वतःच्या मुलाला देहदंड द्यायचा आहे. मुखवटे घातलेले कृष्णवर्णीय नट ते उघड्यावर तासन्‌तास करतात, आणि वकिलांच्या हाती ब्रीफकेस असते, टेबलावर टाइपरायटर आणि टेलिफोन असतो. जिथे राज्यकर्त्याच्या मुलावर खटला चालवणे स्वप्नातही शक्य नव्हते, तिथल्या लोकांनी शार्लमेनच्या साऱ्या पसाऱ्यातून हीच एक कथा निवडली, जपली आणि स्वतःच्या काळाच्या वस्तूंनी सजवली. या पुस्तकातल्या सर्व कथनांत मला हे सर्वांत निर्भय वाटते.

ब्राझीलमध्ये कथा पोचली ती दुसऱ्या वाटेने. ‘फिएराब्रास’ या जुन्या फ्रेंच काव्याचे १४७८ मध्ये जिनिव्हात गद्य छापले गेले, त्याचे स्पॅनिश झाले, स्पॅनिशवरून पोर्तुगीज झाले, आणि ते पुस्तक ब्राझीलच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान् पिढ्या वाचले गेले. दक्षिण ब्राझीलमधल्या कोन्तेस्तादोच्या भागात १९१२ मध्ये जमिनीवरून हुसकावलेले शेतकरी जोझे मारीया या साधूभोवती जमले. तो त्यांना शार्लमेनची कथा वाचून दाखवी, आणि त्याच्या अंगरक्षक घोडेस्वारांना फ्रान्सच्या बारा वीरांचे नाव होते. ते होते चोवीस, बारा जोड्या धरून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या चकमकीत तो मारला गेला. लढाई पुढे १९१६ पर्यंत चालली.

आणि ही कथा आपल्या देशातही आहे. केरळच्या किनाऱ्यावरच्या लॅटिन ख्रिस्ती समाजात चविट्टुनाटकम् ही नाट्यपरंपरा आहे. लाकडी मंचावर जोराने पाय आपटत, झगमगीत पोशाखात आणि मुकुटांसह तिचे प्रयोग होतात. ‘कारल्समान चरितम्’ हे तिच्यातले सर्वांत नावाजलेले नाटक, म्हणजे शार्लमेनचेच चरित्र. ते चिन्नतंबी अण्णावी यांच्या नावावर सांगितले जाते, भाषा तमिळमिश्र आहे, आणि पूर्वी त्याचे प्रयोग कित्येक रात्री चालत. कथा पोर्तुगीजांबरोबर आली. ती ज्या गावांत रुजली तिथे ख्रिस्ती, हिंदू आणि मुसलमान शेजारी राहत होते. क्रुसेडच्या काळातला वैराचा पेहराव अशा गावात रंगमंचावर उभा राहतो तेव्हा त्याचे काय होते, हा प्रश्न मला खिळवून ठेवतो. या नाट्यपरंपरेवर सबीना राफी यांनी मल्याळममध्ये पायाभूत काम केले आहे. केरळच्या शालेय कलोत्सवात आता हा प्रकार स्पर्धेला असतो, म्हणजे शाळकरी मुले शार्लमेनच्या काळातले वीर होऊन मंचावर पाय आपटतात.

खुद्द फ्रान्समध्ये ही कथा बराच काळ विस्मरणात होती. १८३७ मध्ये फ्रांसिस्क मिशेल याने ऑक्सफर्डचे हस्तलिखित छापले आणि ती नव्याने जन्मली. डिसेंबर १८७० मध्ये पॅरिसला प्रशियन सैन्याचा वेढा पडलेला असताना गास्तों पारी याने तिथे याच काव्यावर व्याख्यान दिले. पराभूत देशाला पराभवाचे मोठेपण सांगणारे काव्य सापडले होते. त्यानंतर विद्वानांत वाद पेटला. जोझेफ बेदिए म्हणे, या कथा यात्रामार्गांवरच्या मठांनी आणि एका प्रतिभावंताने घडवल्या. स्पेनचा मेनेंदेस पिदाल म्हणे, त्या पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आल्या. मी पिदालच्या बाजूने अधिक झुकतो. तरीही शिंगाची कडवी एखाद्या जमावाने आपोआप रचली, हे मला पटवून घेता येत नाही.

संग्रहात ऑक्सफर्डचे काव्य मुख्य आहे आणि ते बहुतेक पूर्ण आहे. रोलाँच्या मृत्यूनंतर मार्सीलच्या मदतीला येणाऱ्या अमीर बालिगाँच्या लढाईचा भाग नंतर घातलेला असावा असे पुष्कळांना वाटते, तरी तो मी वगळलेला नाही. ऐकणाऱ्यांना तो हवा होता हेच पुरेसे कारण आहे. बेर्नार्दोच्या कथा रोलाँच्या मृत्यूच्या लगेच पुढे लावल्या आहेत, म्हणजे दोन्ही बाजू एकाच दमात वाचता येतील. मुसलमानांविषयीचे अपमानास्पद वर्णन मी सौम्य केलेले नाही. ते तसेच दिसायला हवे, आणि जिथे ते इतिहासाला सोडून आहे तिथे प्रकरणाआधीच्या टिपणात तसे स्पष्ट लिहिले आहे. नावे ज्या कथेत जशी आहेत तशीच ठेवली आहेत, म्हणून रोलाँ, ओर्लांदो आणि स्पॅनिश कथांतला रोल्दान हे तिघे वेगवेगळे भेटतील. काव्य मोठ्याने वाचावे, शक्यतो दोघांनी मिळून. ऑलिव्हिएच्या तीन विनवण्या जवळजवळ सारख्याच आहेत, आणि त्यांतले एकही कडवे गाळून पुढे जाऊ नये.